दौऱ्यावर गेलेले बे साहेब

ते साल एकोणीसशे चौसष्ट. नाईलला शेवटचा लाल पूर आला ते. तो शेवटचा आहे हे तेव्हा कैरोत कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वरच्या अंगाला मोठं धरण बांधताहेत, त्याचे फोटो रोज वर्तमानपत्रात येत आणि आम्ही त्याच वर्तमानपत्रावर मुलुखियाची भाजी निवडत असू. माझ्यापुरतं ते साल माझ्या लग्नाचं. आणि ते लग्न एका मेलेल्या माणसाच्या टपालापायी मोडता मोडता राहिलं. मेलेल्या, हे आपलं बोलायच्या सोयीसाठी. सरकारदरबारी ते अजूनही दौऱ्यावर आहेत.

शुक्रीशी माझा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली होती. शुक्री औषधांच्या दुकानात कामाला होता. माणूस इतका मऊ की गिऱ्हाइकाला कडू औषध देताना आधी स्वतःचं तोंड वाकडं करायचा. अडचण जागेची होती. कैरोत तेव्हा नवरा मिळणं सोपं, खोली मिळणं कठीण. माझा पलंग मात्र सुताराने वेळेवर आणून दिला. ठेवणार कुठे, म्हणून घरातल्या बोळात भिंतीला उभा टेकवला होता. बाबा रोज शाळेत जाताना त्याच्यावर डोकं आपटायचे आणि म्हणायचे, "दौलत, तुझं लग्न माझ्या कपाळावर लिहिलंय गं."

बाबा भूमिती शिकवायचे. एका शुक्रवारी ताजं टेंगूळ चोळत त्यांनी जाहीर केलं, "बे साहेबांची खोली रिकामी करायची. तिथे दौलत आणि शुक्री राहतील. इति सिद्धम्."

आईने चूल बंद केली.

बे साहेब म्हणजे रिफअत बे, आईचे आजोबा. जुन्या राजवटीत नदी मोजायच्या खात्याचे मुख्य. शिवाय तारे बघायचे, वारा मोजायचे, आणि या सगळ्याहून जास्त म्हणजे पत्रं लिहायचे. दक्षिणेच्या खडकांपासून समुद्रापर्यंत नदीकाठचे नावाडी, गावोगावचे न्हावी, चर्चचे पाद्री, सुइणी, जो कोणी भेटेल त्याला ते विचारायचे: आज पाणी कुठवर आहे, आणि रंग कोणता? ज्याने कळवलं त्याला उलट टपाली स्वहस्ते उत्तर. एका न्हाव्याने जुळं झाल्याचं लिहिलं, तर त्याला अभिनंदनाचं लांबलचक पत्र गेलं आणि खाली एक ओळ होती: 'पाण्याचा रंग कळवायचा राहिला.'

मग एका वर्षी ऐन पुरात ते पाणी बघायला नावेत बसून गेले. नाव आली नाही, नावाडी आला नाही, बे साहेबांची लाल टोपीसुद्धा आली नाही. खात्याची माणसं मृत्यूची नोंद करायला आली तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आईच्या आजीने, पडद्याआडून सांगितलं, "ते दौऱ्यावर आहेत. तसंच लिहा." बाई रडत नव्हती म्हणून लिहिणारा गोंधळला आणि त्याने तसंच लिहिलं.

पुढे जुनं घर पाडून तिथे आमची चार मजली इमारत झाली. तरी आमच्या मन्याल भागातले पोस्टमन तिला 'बे साहेबांचं घर'च म्हणत. तिसऱ्या मजल्यावर नदीकडची एक खोली आईने पत्रांसाठी मागून घेतली होती. छतापर्यंत गोण्या, आणि मधोमध बे साहेबांची खुर्ची. जुन्या कागदांना धुळीचा वास यायला हवा. या कागदांना नदीच्या गाळाचा वास यायचा, आणि तोही पुराच्या दिवसांत जास्त. आई त्या खोलीतून बाहेर आली की तिच्या झग्याची कड ओलसर असे. लहानपणापासून पाहिलं की कशाचंच नवल वाटत नाही. मला वाटे सगळ्यांच्याच आयांच्या कडा ओल्या असतात.

बाबांनी आधी सरळ मार्ग धरला. ते नदीच्या खात्यात गेले. तिथला कारकून चहा पीत होता.

"ही पत्रं खात्याची," तो म्हणाला, "आणि ताब्यात आहेत रिफअत बे यांच्या. त्यांनी सही करून परत करावीत."

"ते वारले हो."

कारकुनाने आत जाऊन बरीच उलथापालथ केली आणि टोपीवर धूळ घेऊन परत आला. "कुठे वारले? दौऱ्यावर आहेत."

"अहो, खेदिव राजाच्या काळापासून?"

"दौरा लांबलाय. लांबतात दौरे. आमचे आधीचे साहेब लुक्सरला गेले ते तिकडेच दुसरं लग्न करून राहिले. हे परतले की पाठवून द्या. सकाळी यायला सांगा, दुपारनंतर मी नसतो."

रात्री जेवताना बाबांनी हे नक्कल करून सांगितलं. मी हसले. आईने चमचा खाली ठेवला. "सकाळी?" ती म्हणाली. "सकाळी त्यांना कसं जमेल? सकाळी ते पाणी बघतात."

मग कोणी हसलं नाही.

सल्ला द्यायला खालच्या मजल्यावरच्या उम्म फिक्री होत्याच. त्यांना सल्ल्यासाठी विचारावं लागत नसे. "जाळून टाका," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. कारण प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'अल्लाच्या नावाने' लिहिलेलं. असा कागद आमच्याकडे जाळत नाहीत, तुडवत नाहीत, फेकत नाहीत. रस्त्यात सापडला तर उचलून कपाळाला लावतात आणि भिंतीच्या फटीत खोचतात. "मग वाहत्या पाण्यात सोडा," उम्म फिक्रींनी दुरुस्ती केली.

"नदीत?" बाबा म्हणाले. "म्हणजे त्यांना घरपोच!"

शेवटी आई एका दुखवट्याला गेली असताना बाबांनी रद्दीवाल्याची गाढवगाडी बोलावली आणि सगळ्या गोण्या देऊन टाकल्या. आई परतली, रिकामी खोली बघून खुर्चीपाशी थोडी उभी राहिली आणि म्हणाली, "कपडे तरी कोरडे लागतील त्यांना." हे बाबांना की मला, कळलं नाही.

मी मात्र हवेत होते. खोलीला चुना दिला. लग्नाच्या पेटीतलं सामान पुन्हा पुन्हा लावत होते. आईच्या पणजीच्या... नाही, आजीच्याच, वयानुसार नाती घसरतात माझी... आजीच्या कपाटात एक सुंदर पंचा होता, जाड, कडेने निळं भरतकाम. तो मी मागितला.

"तो नाही मिळायचा," आई म्हणाली. "लागणार आहे."

"कोणाला?"

"लागेल तेव्हा दिसेल."

आठवड्याभरात पहिलं पत्र परत आलं. बियांच्या गाडीवाल्याने पुडी बांधायला ते घेतलं होतं. कोण्या भल्या माणसाने बिया खाल्ल्या, कागद उलगडला, वर अल्लाचं नाव आणि खाली आमचा पत्ता पाहिला, कपाळाला लावला आणि आणून दिला. मग पावाच्या दुकानातून तीन आली. मासेवाल्याने खारवलेल्या मासळीसकट एक दिलं. शाळकरी मुली, शिपाई, ट्रामचा कंडक्टर, जो तो भक्तिभावाने जिना चढायचा. कोणी भेटलं नाही तर पत्र आमच्या दाराच्या चौकटीतल्या फटीत खोचायचा. मन्यालची माणसं इतकी सज्जन असतील असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. बाबा दार उघडायला घाबरू लागले. भूमितीच्या शिक्षकाला शोभत नाही, पण ते दाराच्या मागे उभे राहून मला खुणेने 'तू जा' म्हणायचे.

त्यातच वाळवंटातला खमासीनचा वारा सुटला. भर दुपारी पिवळा अंधार, सूर्य नुसता शिळ्या बलकासारखा, दातांत वाळू. शहरभर कुठे कुठे पडलेली पत्रं त्या वाऱ्याने उचलली असणार. मी खोलीत गेले तर नदीकडच्या काचेवर बाहेरून पत्रं चिकटलेली, एकाशेजारी एक, आणि सगळ्यांची लिहिलेली बाजू आत. वारा थांबेपर्यंत ती अक्षरं खोलीत बघत होती.

आणि मग भिंत. नव्या चुन्यावर, जमिनीपासून वीतभर वर, ओलीची एक सरळ आडवी रेघ उमटली. नळवाला आला. त्याने भिंतीला कान लावला, ठोकलं, म्हणाला, "या भिंतीत नळ नाही. तिसऱ्या मजल्यावर ओल खालून येत नाही आणि वरून आली तर अशी सरळ येत नाही." चुनेवाल्याने पुन्हा हात मारला. रेघ पुन्हा आली, थोडी वर. तिसऱ्या वेळी चुनेवाला दारातूनच बघून गेला. बाबांनी पातळीदर्शक आणून लावलं. रेघ तंतोतंत सपाट निघाली. "माझ्या विद्यार्थ्यांना जमत नाही इतकी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नको तेवढा आदर होता.

असल्या गोष्टी लपतात थोड्याच? शुक्रीला घेऊन त्याच्या आई, वहीदाबाई, पोचल्या. ठेंगण्या, काळ्या पोशाखातल्या, बोलण्यात कात्रीसारख्या. त्यांनी रेघ पाहिली, खुर्ची पाहिली, आणि बसायच्या खोलीत येऊन पाय वर घेऊन बसल्या.

"हे बघा इनायातबाई," त्या आईला म्हणाल्या, "माझा मुलगा गरीब आहे. पण ज्या खोलीचा मालक यायचाय त्या खोलीत मी त्याला झोपवणार नाही. उद्या दार उघडून ते आत आले, तर नवी नवरी पांघरूण ओढून 'या बे साहेब' म्हणणार का?"

"ते मेलेत हो!" बाबा.

"तुम्ही मेलेत म्हणता, सरकार दौऱ्यावर म्हणतं, तुमची बायको काहीच म्हणत नाही. मेलेत की यायचेत, एक काय ते ठरवा. सप्टेंबरपर्यंत वाट बघीन. नाहीतर अंगठी परत."

शुक्री माझ्याकडे बघत होता, जसा गिऱ्हाइकाकडे बघतो तसा. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली आणि त्याचा हातही धरावासा वाटला.

उम्म फिक्रींनी ढोल वाजवून भूत उतरवणाऱ्या बायका आणायचं सुचवलं. आईने इतकंच म्हटलं, "आमचे आजोबा सरकारी इंजिनियर होते." तेव्हा उम्म फिक्रींनी, लोक आपली गाऱ्हाणी लिहितात तसं, इमाम साहेबांच्या कबरीला एक विनंतीपत्र टाकलं: आपण बे साहेबांना चार शब्द सांगावेत. "दोघांनाही टपालाची सवय आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हाच ते पत्र आलं. परत आलेलं नव्हे. नवं, चालू वर्षाचा पोस्टाचा शिक्का असलेलं, रिफअत बे यांच्या नावाने. बाबांनी मोठ्याने वाचलं. आपली तब्येत खुशाल असावी. गेल्या पुरात आपण खडकावर भेटलात तेव्हा सांगितलंत त्याप्रमाणे वरच्या खडकावर नवी खूण कापली. आता तोही खडक बुडणार म्हणतात. सरकारने सगळं गाव उचलून कोम ओम्बोजवळ आणून ठेवलंय. इथे नदी नाही. आम्ही काय मोजायचं? हुकूम यावा. शलाली.

"शलाली," आई म्हणाली. "त्याच्या बापाचं अक्षर याच्याहून चांगलं होतं."

बाबांनी चष्मा काढला. "तुला काय माहीत?"

मग आईने सांगितलं. बे साहेब गेल्यावर पत्रं येतच राहिली. उत्तर गेलं नाही तर लोक काय म्हणतील? ते नाहीत म्हणतील. म्हणून तिच्या आजीने त्यांच्या नावाने उत्तरं लिहिली. आजीनंतर तिच्या आईने, आईनंतर हिने. एकेक करून सगळे लिहिणारे संपले, उरलं ते नूबियातलं शलालीचं घर. दर वर्षी त्याचं एक पत्र येई, हिचं दोन ओळींचं उत्तर जाई: 'पोचलं. मोजत राहा.'

"म्हणजे लग्न झाल्यापासून," बाबा उभे राहिले, "मी एका मेलेल्या अधिकाऱ्याच्या कचेरीत जेवतोय!"

"ओरडू नका. त्यांचा शिक्का मिठाच्या डब्यात आहे, हवा तर घ्या." आईने पत्र त्यांच्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. तिचा आवाज खाली आला. "पण खडकावर भेटायचं मी कधी लिहिलं नव्हतं. नि गेल्या पुरात खडकावर मी कुठून जाणार?"

बाबांनी शिक्का खिशात टाकला आणि बजावलं, या घरातून यापुढे एकही उत्तर जाणार नाही. गेलं नाही. आणि तिथेच सगळं बिघडलं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वरून उत्तर आलंय, त्याला उत्तर आलं नाही की तो काय करणार? समक्ष येणार.

ऑगस्टातली दुपार होती. सगळ्या शहराने झडपा ओढून घेतलेल्या, रस्त्यावर कुत्रंही नाही. दारावर टकटक झाली. मी उघडलं. उंच, काळा, पांढऱ्या फेट्याचा म्हातारा. हातात कापडात गुंडाळलेली लांब काठी.

"बे साहेब घरी आहेत?"

घरची सवय जिभेवर असते. मी म्हटलं, "दौऱ्यावर आहेत."

"मग जवळ आलेच असतील," तो म्हणाला. "थांबतो."

आणि शलालीकाका बोळात माझ्या उभ्या पलंगाला टेकून खाली बसले. आईने कर्कदेचं सरबत दिलं. नको म्हणाले. मुलुखियाची भाजी वाढली. नको. "आधी काम. ही मापाची काठी बे साहेबांनी माझ्या आजोबांच्या हातात दिली. मोजायला नदी उरली नाही, तर काठी ज्याची त्याच्या हातात द्यायची. मग पाणी पिईन."

"काका, मी घेते की."

"तू कोण, पोरी?"

"त्यांची पणती."

"देव तुला सुखी ठेवो," ते म्हणाले आणि काठी दुसऱ्या बाजूला ठेवली.

संध्याकाळ झाली तरी तसेच बसून. ओठ सुकलेले. म्हातारा आमच्या दारात तहानेने मेला तर, या विचाराने बाबांना घाम फुटला. उम्म फिक्री जिन्यातून सगळं ऐकत होत्याच. "अहो उस्ताज," त्या कुजबुजल्या, "घटकाभर तुम्हीच बे साहेब व्हा ना. काठी घ्या, म्हाताऱ्याला पाणी पाजा, पुण्य लागेल."

पेटीतून बे साहेबांचा काळा कोट निघाला. बाह्या बाबांच्या कोपरापर्यंत आल्या, बटणांची नि काजांची भेट होईना. लाल टोपी उम्म फिक्रींनी कुठूनशी आणली, ती डोक्यावर नुसती ठेवली. खिडकीकडे पाठ करून त्यांना खुर्चीत बसवलं, म्हणजे तोंडावर अंधार. आईने शलालीकाकांना बोळाच्या दारातून आत आणलं. त्या खोलीला दुसरं दार बसायच्या खोलीतून होतं. आणि नेमक्या त्याच वेळी, शुक्रीला बोळात थांबवून निकाल काय ठरला ते ऐकायला आलेल्या वहीदाबाई, न विचारता फिरायच्या सवयीने, त्या दारातून आत आल्या.

खुर्चीत काळा कोट, लाल टोपी. "दस्तूर! दस्तूर!" त्या किंचाळल्या. अदृश्य मंडळींची परवानगी मागायचा आमच्याकडचा हा शब्द. मागे धावल्या त्या चुकीच्या दाराने, बोळात, सरळ शुक्रीवर, शुक्री पलंगावर, आणि पलंग मोठा आवाज करत खाली आला. चार महिन्यांत माझा पलंग पहिल्यांदा आडवा झाला, आणि त्यावर माझी सासू होती.

शलालीकाकांनी तिकडे मानही वळवली नाही. ते बाबांकडे बघत होते. "हे बे साहेब नव्हेत," ते सौम्यपणे म्हणाले. "बे साहेब बुटके आहेत. आणि त्यांचे बूट ओले असतात."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही... पाहिलंय त्यांना?" आईने विचारलं.

"दर पुराला. पाणी खुणेला लागलं की येतात, वाकून बघतात, बोलत नाहीत. गेल्या वर्षी बोलले. म्हणाले, शलाली, आता एकच पाणी राहिलं. ते खाली जाईल त्याच्याबरोबर मीही घरी जातो. तू पुढे हो, काठी नेऊन ठेव." मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. रेघ आता माझ्या कमरेला होती. त्यांनी काठीवरचं कापड सोडलं, काठी भिंतीला उभी केली, रेघेशी बोट टेकवलं आणि मान हलवली. "रस्त्यात आहेत."

"कुठे आहेत?" बोळातून वहीदाबाईंचा आवाज आला.

"रस्त्यात, बाई."

"शुक्री, ऊठ. घरी चल." दारात थांबून त्या मला म्हणाल्या, "पाणी पुरतं चढलं की येईन. अंगठी ठेवायची की न्यायची ते तेव्हा."

पुढचे दिवस रेघ चढत राहिली. मी ती ब्रशने घासली, तिच्यापुढे मीठ ठेवलं, एकदा तर तिला लाथ मारली. शुक्री रोज दुकान बंद करून आईला न सांगता यायचा आणि भिंतीला तळवा लावायचा.

"गार आहे," तो म्हणायचा.

"एवढंच? तुझी आई अंगठी न्यायला निघालीय."

"दौलत, ते आले तर मी बोलेन त्यांच्याशी. म्हणेन, बे साहेब, तुमचा प्रवास लांबचा झाला, आमचा साखरपुडाही. अर्धी खोली द्या." भिंतीवरचा हात त्याने काढला नाही. साखरपुडा चार वर्षांपूर्वी झाला होता. मन त्या दिवशी बसलं.

पाणी पुरतं चढलं त्या सकाळी बाबांनी खोलीची दोन्ही दारं कुलूपबंद केली, किल्ली खिशात घातली आणि आम्ही सगळे काठावर गेलो. नदी विटेसारखी लाल झाली होती. मोठमोठी गवताची बेटं आवाज न करता खाली जात होती. पायऱ्या बुडाल्या होत्या. शलालीकाकांनी काठी माझ्या हातात दिली. "तू बुडव. घरचा हात असू दे. शेवटचं माप आहे."

मी बुडवली. काठी पाण्यात शिरली तेव्हा खालून कोणीतरी ती सरळ करावी तशी हाताला जाणवली. मी ओरडले नाही. आजही त्याचा मला अभिमान आहे. किती भरलं ते मी मोठ्याने वाचलं. आई पाण्याच्या अगदी कडेला उभी होती, झग्याची कड भिजलेली. दर वर्षी लिहायची तशा आवाजात ती म्हणाली, "पोचलं." मग थांबली आणि म्हणाली, "पुरे आता. घरी या."

घरी आलो तर जिन्यात शुक्रीला घेऊन वहीदाबाई उभ्या, अंगठीची रिकामी डबी हातात. बाबांनी कुलूप काढलं.

भिंत कोरडी. पांढरीशुभ्र. रेघ नाही, डाग नाही. गाळाचा वासही गेलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीला नुसत्या चुन्याचा वास येत होता. पण फरशीवर ओली पावलं होती. लहान, बुटांची, लाल मातीची. नदीकडच्या खिडकीपासून खुर्चीपर्यंत. आणि खुर्चीची गादी मधोमध दबलेली, आणि तिच्या कडेने थेंब थेंब पाणी गळत होतं.

वहीदाबाईच पुढे झाल्या. त्यांनी पावलं पाहिली, दाराच्या मागे पाहिलं, खिडकी पाहिली.

"आत आलेली आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेर गेलेली नाहीत."

"नाहीत," बाबा म्हणाले.

"म्हणजे आले?"

"आले," आई म्हणाली.

वहीदाबाई खुर्चीसमोर फरशीवर बसल्या. मी शुक्रीचा हात धरून ठेवला होता. अंगठी न्यायची तर बोटासकट न्या, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

"मग झालं तर," त्या शेवटी म्हणाल्या. "आता मिटलं."

"मिटलं?"

"मला भीती यायच्या माणसाची होती. बसलेल्याची कसली? शुक्रीचा बाप गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आहे. कधी त्रास दिलाय? कांदे चिरताना सोबत होते. वाट बघायला लावतो तो मेलेला वाईट. आला, बसला, की घरचा झाला." त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "फक्त पलंग तिकडच्या भिंतीला लाव. आणि मधे पडदा."

आईने कपाट उघडलं. निळ्या भरतकामाचा तो पंचा काढला आणि खुर्चीच्या हातावर घडी करून ठेवला. "आजीने काढून ठेवला होता," ती म्हणाली. "येतील तेव्हा ओले असतील म्हणाली होती." आणि मग ती रडली. तिच्या आजीचं जे रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात असावं.

शलालीकाकांनी काठी खुर्चीला टेकवून उभी केली, बोळात जाऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, आता पाणी दे. आणि ती भाजी शिल्लक असली तर तीही."

लग्न सप्टेंबरातच झालं. पुढच्या वर्षापासून लाल पाणी कधी आलं नाही. शलालीकाका आपल्या नव्या गावी गेले, कालव्याला हात लावला नाही म्हणे त्यांनी, "हे पाणी सांगितलेलं ऐकतं, ते काय मोजायचं?" तिथेच वारले. उम्म फिक्रींनी मरेपर्यंत सगळं श्रेय इमाम साहेबांना धाडलेल्या आपल्या पत्राला दिलं. बाबा आधी आधी खुर्चीला टोमण्याने सलाम करायचे, नंतर नुसताच. निवृत्त झाल्यावर दुपारचे तिथे जाऊन बे साहेबांना भूमितीची गणितं घालायचे. आईने पुन्हा कधी उत्तर लिहिलं नाही. ती गेली तेव्हा झग्याची कड कोरडी होती, मी मुद्दाम पाहिलं. परत आलेली पत्रं विद्यापीठातली एक मुलगी घेऊन गेली. आता ती काचेखाली आहेत. नदीच्या खात्यातून मात्र मध्ये एक विचारणा आली होती, बे साहेबांचा दौरा संपला काय. शुक्रीने 'होय' लिहून पाठवलं. पोचही आली नाही. वहीदाबाई शेवटची वर्षं आमच्याकडे होत्या आणि माझ्या सगळ्या तक्रारी खुर्चीपाशी करत.

शुक्री तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. औषधं देणाऱ्यालाच औषध लागू पडेना. आता खोलीत दुसरीही खुर्ची आहे, खिडकीपासून जरा दूर, कारण शुक्रीला पाण्याची भीती वाटायची. दर सप्टेंबरात मी दोन्ही खुर्च्यांवर एकेक पंचा घडी करून ठेवते. सकाळी बे साहेबांचा ओला असतो. शुक्रीचा कोरडाच असतो, पण घडी बदललेली असते. पंचा उभाच घडी करावा असं त्याचं आयुष्यभर म्हणणं होतं, आणि मी ते कधी ऐकलं नाही.